नवीन स्टाफ नर्स बहिणीसाठी मदत हवी आहे

पुण्यातल्या सीनियर सिस्टर-ब्रदर मंडळी, जरा सांगा ना. माझी धाकटी बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मेडिसिन वॉर्डला लागलीये. मागे नाईटला एका पेशंटचं अँटिबायोटिक उशिरा गेलं, तिने स्वतःच लगेच डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, पेशंट ठीक आहे, पण तेव्हापासून हिची झोपच उडालीये, ड्युटी संपवून धायरीला घरी आली तरी डोक्यात पेशंट, डोस, वेळ हेच चालू, जेवणही धड नाही. मला तर वाटतं लगेच सांगितलं हे तिने अगदी बरोबर केलं. अशा वेळी तुम्ही स्वतःला कसं सावरलंत? इन्सिडेंट रिपोर्ट (घडलेल्या चुकीची लेखी नोंद) लिहिला तर नोकरीवर येतं का? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी बोललंय का? आणि सलग नाईट असल्या की झोपेचं कसं जमवता?