सिंहगडाची घोरपड मुलांना इतिहास म्हणून सांगावी का?

धागाकर्ता (कोथरूड):
सिंहगडावर सहल आली की तानाजी मालुसरे यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढले, असे मुलांना सांगितले जाते. यास माझा आक्षेप आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने घटनेनंतर तीन दशकांच्या आत आपल्या बखरीत केले असून त्यात घोरपड कोठेही नाही. निवडलेले दोन मावळे वानरांप्रमाणे कडा चढले आणि त्यांनी वरून माळ (दोराची शिडी) लावल्यावर तानाजींसह सुमारे तीनशे लोक गडावर पोहोचले, असे तो सांगतो. घोरपड आली ती पोवाड्यातून. अंधारात त्या कड्यावर सर्वांत आधी हात घालणाऱ्या दोन माणसांचे श्रेय आपण एका सरड्याच्या कुळातील प्राण्याला देऊन टाकले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद (सदाशिव पेठ):
आपण बखरीच्या मौनाला नकार समजत आहात. पोवाड्यांनी तानाजींना घराघरांत जिवंत ठेवले. घोरपडे घराण्यातही घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढल्याची परंपरा सांगितली जाते, तेव्हा ही कल्पना शाहिराने हवेतून काढलेली नाही. शिवाय घोरपडीने माणसाचा भार पेलला असे कोण म्हणतो? तिने बारीक दोरी वर नेली असेल.

धागाकर्ता:
दोरी वर गेली तरी ती वर बांधणार कोण? घोरपडीचे वजन फार तर सात-आठ किलो. कपारीत अंग फुगवून ती घट्ट बसते हे खरे, परंतु दोर ओढल्यावर शस्त्रधारी माणसाला पेलण्याइतकी ती टिकणार नाही. घोरपडे घराण्याची परंपरा तर बहमनी काळातील आणि दुसऱ्या किल्ल्याची आहे. म्हणजे गोष्ट आधीपासून फिरत होती आणि ती सिंहगडाला येऊन चिकटली, असाच निष्कर्ष निघतो.

प्रतिसाद (डोणजे):
या प्राण्याचेही कोणी बोलावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, तरीही तिच्या अंगी अचाट बळ असते या समजुतीपायी तेल व मांसासाठी तिची शिकार होते, आणि नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्थाजोडी’ नावाची वनस्पतीची मुळी म्हणून विकले जाते. घोरपडीच्या ताकदीची गोष्ट शाळेतच खरी म्हणून शिकवली, तर हा व्यापार करणाऱ्यांचे काम सोपे होते.

प्रतिसाद (सदाशिव पेठ):
हा दोष पोवाड्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तानाजींचे नावही ठाऊक नसलेल्या प्रदेशांत हीच शिकार चालते. वर्गात बखरीतील हकिगत आधी सांगावी आणि त्या दोन मावळ्यांचा उल्लेख यावा, इथवर मी आपल्याशी सहमत आहे. मात्र शाहीर डफावर थाप मारून उभा राहिला असता त्याला मध्येच थांबवून ‘ही दंतकथा आहे’ असे सांगण्याची सक्ती मला कदापि मान्य होणार नाही.