ती दहा मिनिटं कुणाची ओ, सर?

शहापूरची_सून
आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या सरांची कालची पोस्ट वाचली. पोरांना स्टीलचा डबा द्या, ऑफिसात स्वतःचा कप न्या, ओल्या कचऱ्याचं खत घरीच करा, 'दिवसाला फक्त दहा मिनिटं'. ही दहा मिनिटं घरात कुणाची जातात, तेवढं लिहायचं राहिलं. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी नाही. डबे घासायला पाणी मी पुरवायचं आणि खताची बादलीही मीच ढवळायची. गेल्या पावसात केली होती की! आठवड्यात अळ्या वळवळायला लागल्या. सासूबाईंनी बादलीसकट माझाही उद्धार केला.

टिळकवाडी_सर
वहिनी, अळ्या झाल्या म्हणजे ओल जास्त झाली. प्रत्येक थरावर सुका पाला नाहीतर भुसा पसरायचा, उरलेला आमटी-भात घालायचा नाही. पद्धत चुकली म्हणून कल्पना वाईट होत नाही.

अनगोळकर
सर, कपाचं माझ्याकडून ऐका. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो म्हणून आम्ही स्टीलचे आणले. धुणारा शिपाई एकच. महिन्यात निम्मे कप गायब, परत कागदी सुरू.

शहापूरची_सून
स्वतःचा उष्टा कप विसळायला शिपाई लागतो? हात झिजतात काय?

अनगोळकर
बरं, चुकलं. उद्यापासून विसळतो, फोटो टाकू?

खानापूर_नाका
ते कप राहू देत. ओला-सुका वेगळा करा म्हणून आमच्याकडं कागद वाटला, तो निव्वळ कन्नडमध्ये. 'हसि कस, ओण कस'. आजी म्हणाली, हसायचं कशाला? भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असले तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायचं ठरलेलं आहे. इथं आम्ही किती आहोत ते मोजायला जाऊ नका, बाजारात एक चक्कर मारा.

वडगाव_माग
आला! कचऱ्याच्या डब्यातूनही सीमाप्रश्न निघाला. अहो, ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. रंगाला कसली भाषा?

खानापूर_नाका
१९५६ पासून हेच ऐकतोय, 'एवढ्याशानं काय होतंय'. तुम्हाला कन्नड वाचता येतं म्हणून दुसऱ्याला अक्कल शिकवू नका.

वडगाव_माग
वाचता येतं कारण शिकलो. माझी आई कन्नडच बोलते. तिला शिव्या द्यायच्या असल्या तर घरी या, चहा पिऊन द्या.

निपाणीची_पोर
भांडा, पण रंगानं सगळं कळत नाही. पॅड नीट गुंडाळून द्यायचं, हे कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच आलं होतं. आमच्याकडच्या कागदावर ते कन्नडमध्ये लिहिलेलं, चित्र नव्हतंच. मी ओल्यातच टाकत होतो. एकदा गाडीवरच्या मावशी ते उघड्या हातानं बाजूला काढताना दिसल्या. त्यानंतर तोंड वर करून त्यांच्याशी बोलता येईना.

खानापूर_नाका
हेच म्हणत होतो मी.

वडगाव_माग
तुम्ही हे म्हणत नव्हता, पण ताईंचं पटलं. कागद पाठवा, मराठी करून देतो. झेरॉक्सचे पैसे मात्र तुमचे.

तुरमुरी_गाव
कन्नडमधला असो, मराठीतला असो, बेळगावातला कचरा शेवटी आमच्या तुरमुरीलाच येतो. तेवढं ध्यानात ठेवून भांडा.

शहापूरची_सून
भुसा कुठं मिळतो, सर? पटलं म्हणून विचारत नाही, बादली रिकामी पडलीय म्हणून.

टिळकवाडी_सर
सुताराकडे. प्लायचा नको, साध्या लाकडाचा. आमच्याकडं अर्धं पोतं आहे, रविवारी आणून देतो.

शहापूरची_सून
तुम्ही आणून देणार, की मिसेसना पाठवणार?