आर्सेनिक: किट १०० दाखवतं, लॅब ३८ म्हणते. खरं कोणाचं धरायचं?

गंगाकाठ (प्रश्न)

बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात, शाहपूर भागातल्या नदीकाठच्या एका गावात घरगुती हापसे तपासण्याचं काम चालू आहे. २००२ साली बिहारमधलं आर्सेनिक पहिल्यांदा उघडकीला आलं ते सेमरिया ओझापट्टी याच भागातलं. हापसे बहुतेक २० ते ४० मीटर खोल आहेत. पट्टीच्या किटने तपासून त्यातले काही नमुने खातरजमेसाठी लॅबला पाठवले. निकाल पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग, म्हणजे लिटरला किती मायक्रोग्रॅम):

क्र. १: किट १००, लॅब ३८
क्र. २: किट ५०, लॅब ११
क्र. ३: किट ५०, लॅब ४६ (या एकाच पाण्याला लोखंडाची चव नाही)
क्र. ४: किट १०, लॅब 'बीडीएल'

प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्या त्याच पाण्याने विसळून भरल्या होत्या. लॅबमध्ये मोजणी व्हायला आठ-नऊ दिवस गेले. त्याच वेळी भरून ठेवलेल्या जोडबाटल्या माझ्याकडे आहेत, त्यांच्या तळाला तांबूस गाळ बसलाय. किट चुकतंय की लॅब?

नायट्रिक

बहुधा दोन्ही नाही, बाटली चुकतेय. क्र. ३ तेच सांगतोय: त्यात लोखंड नाही, म्हणून दोन्ही आकडे जुळतात.

जमिनीखालच्या या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. बाटलीत हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून तळाशी जातं. लॅबवाल्याने वरचं नितळ पाणी घेतलं तर आकडा कमीच येणार. किट जागेवरच, गाळ बसायच्या आत वापरलं, म्हणून त्याचा आकडा जास्त.

जोडबाटल्या फेकू नका, गाळणं तर अजिबात नको. त्याच बाटलीत सांद्र नायट्रिक आम्ल घाला: लिटरला साधारण २ मिली, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीला अर्धा मिली. पीएच २ च्या खाली यायला हवा. ते बघायला पीएचची पट्टी बाटलीत बुडवू नका, टोपणातला थेंब पट्टीवर टाका. तिकडच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे थोडं जास्त आम्ल लागू शकतं. हलवून किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवा. भिंतीला चिकटलेला तांबूस थर गेलेला डोळ्यांना दिसायला हवा. मग लॅबला 'एकूण आर्सेनिक' मोजायला सांगा.

पुढच्या वेळी लॅबकडूनच आम्ल घातलेल्या बाटल्या मागवा. बाजारातल्या साध्या आम्लातच धातूंचा अंश असतो. अशी आम्ल घातलेली बाटली मात्र विसळायची नाही आणि काठोकाठ भरून सांडूही द्यायची नाही, नाहीतर आम्लच वाहून जाईल. हातमोजे, चष्मा हवाच.

पट्टीवाला

बाटलीचं पटलं, पण किटलाही इतकं निर्दोष सोडू नका. आम्ल आणि जस्ताची पूड मिळून हायड्रोजन निघतो, आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. ५० आणि १०० यांच्यामधला रंग डोळ्याने ठरवायचा असतो, त्यामुळे किटचा '१००' म्हणजे नेमके १०० नव्हेत.

कुठे फसतं:

थंडी. बरीच किटं २४ ते ३० अंशांसाठी बनवलेली असतात. जानेवारीत सकाळच्या गार पाण्यात वायू हळू निघतो, रंग फिका येतो. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरून मग सुरुवात करा.

ओली पट्टी. जस्त घातल्यावर जोरात हलवलं की शिंतोडे पट्टीवर जातात, डाग विस्कटतो. अशी चाचणी बाद.

जुनं जस्त. गोळा झालेली पूड नीट फसफसत नाही आणि पाणी 'शुद्ध' ठरतं. हा सगळ्यात घातक प्रकार, कारण शंकाच येत नाही.

सडक्या अंड्याचा वास. तो पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा, त्यानेही पट्टी काळवंडते. किटमध्ये त्यासाठी ऑक्सिडायझरची पुडी किंवा लेड अॅसिटेटचा कापूस असतो. पुडी घातल्यावर सांगितलेला वेळ थांबायचंच.

पट्टी वेळ संपताच, सावलीत वाचा. रोज एक चाचणी आर्सेनिकमुक्त पाण्यावर आणि एक ५० पीपीबीच्या द्रावणावर करा. आर्सेनिकच्या १००० मिग्रॅ प्रति लिटरच्या प्रमाणद्रावणातून १ मिली घेऊन १०० मिली करा आणि त्यातले ५ मिली घेऊन १ लिटर करा, झालं ५० पीपीबी. डाग किटच्या रंगतक्त्याच्या शेवटच्या रंगावर गेला तर १० मिली नमुन्यात ४० मिली स्वच्छ पाणी घालून पुन्हा करा, येईल त्याला ५ ने गुणा.

चाचणी उघड्यावरच. आर्सिन विषारी, हायड्रोजन पेटणारा, तेव्हा जवळ कोणी बिडी ओढत नाही ना ते पाहा. वापरलेल्या पट्ट्यांत पारा असतो, बंद डब्यात जमवा.

गंगाकाठ

दोन हापशांना तसा वास आहे, ते पुन्हा करतो. पण क्र. ४ च्या घराला काय सांगू? किट १०, लॅब 'बीडीएल'.

नायट्रिक

'बीडीएल' म्हणजे लॅबला जेवढं दिसू शकतं त्यापेक्षा कमी. ती मर्यादा अहवालात लिहिलेली नसेल तर विचारा. १० पीपीबीच मर्यादा असेल तर निकालाला अर्थ नाही. हायड्राइडवालं एएएस किंवा आयसीपी-एमएस (अगदी कमी प्रमाण मोजणारी लॅबची यंत्रं) असेल आणि मर्यादा १-२ पीपीबी असेल तरच उपयोग. आणि हा नमुनाही बिनआम्लाचाच होता, तेव्हा पुन्हा पाठवा.

भूजल

भारतीय मानक १० पीपीबी. पूर्वी दुसरा स्रोत नसेल तर ५० पर्यंत चालवून घेत, आता ती सवलत नाही. किटवर ५० च्या पुढे गेलेल्या हापशाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला आजच बंद करायला सांगा, लॅबची वाट बघू नका. भात-डाळ शिजवायलाही नको. अंघोळ-धुण्याला चालेल. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. क्लोरीनच्या गोळीनेही आर्सेनिक जात नाही.

नमुन्याआधी उपसा किती केलात? दीड इंची, ३० मीटरच्या पाइपात जेमतेम ४० लिटर पाणी मावतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या काढून मग बाटली भरा.

शेजारच्या हापशावरून अंदाज बांधू नका, २०-३० मीटरवर आकडा पार बदलतो. हापशाच्या ओट्यावर तांबडे डाग असतील तर संशय जास्त, काळे असतील तर कमी. तो फक्त आधी कुठे जायचं हे ठरवायला.

पर्याय म्हणून उघड्या विहिरी बघा. त्यांत आर्सेनिक बहुधा कमी असतं, पण जंतू असतात, म्हणून क्लोरीन लागेल. चिकणमातीच्या जाड थराखालचा, १०० मीटरच्या पुढचा बोअरही चालतो, पण पाइपाभोवतीची पोकळी त्या थरात मातीने नीट बंद केलेली हवी. नाहीतर वरचंच पाणी खाली झिरपतं. तोही बोअर तपासूनच सुरू करा आणि वर्षाला एकदा पुन्हा तपासा.