मदत हवी आहे: निवळी उगाळून विहिरीचं पाणी पिण्याजोगं होतं का?

नमस्कार मंडळी,

आईबाबा कोकणात गावी असतात. परसात जांभ्यात खोदलेली विहीर. पाऊस लागला की पाणी तांबूस, गढूळ. पंचायतीची टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर पडली की आई त्या पाण्याला तोंड लावत नाही, "दवाखान्याचा वास येतो" म्हणते. ती निवळीच्या झाडाची बी सहाणेवर उगाळते, ते गंध हंड्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवते. सकाळी तळाला बोटभर गाळ आणि वर पाणी कसं नितळ!

पण यंदा बाबांना दोनदा जुलाब झाले. आरोग्यसेविकेने दिलेल्या, पाणी तपासायच्या एचटूएसच्या बाटलीत तेच नितळ पाणी भरलं, तर दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट. शेवग्याच्या बिया, तांब्याची कळशी, ऊन, यातलं काय चालेल? क्लोरीन सोडून सांगा, आई ऐकणार नाही.

पाणक्या: निवळी, शेवगा, तुरटी, तिघांचं काम गाळ खाली बसवणं. गाळाबरोबर बरेच जंतू जातात, सगळे नाही. शेवग्याचं पाणी तर त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवलं की त्यात पुन्हा जंतू वाढतात. बाटली काळी झाली म्हणजे पाण्यात मैला मिसळत असण्याची दाट शक्यता. काकूंचं निवळणं चालू द्या, पण वरचं पाणी गाळून उकळा. खळखळून उकळी आली की 1 मिनिट पुरे.

माहेरवाशीण: उन्हासाठी पारदर्शक पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून 6 तास कडक ऊन लागतं, अर्ध्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर 2 दिवस. आषाढात कोकणात ऊन कुठून आणणार? तांब्यात रात्रभर ठेवल्याने जंतू कमी होतात हे खरं, पण घरात जुलाब चालू असताना त्यावर विसंबू नका. उकळलेलं पाणी कळशीत भरा, म्हणजे काकूही खूश.

धागाकर्ती: आईला उकळणं पटलं, सिलिंडरवरून कुरकुर चालू आहे.

पाणक्या: एक विचारायचं राहिलं. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब? निदान 15 मीटर तरी हवा, जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं म्हणून जास्तच.

धागाकर्ती: बाबांनी आत्ता पावलं मोजली. अकरा. तेही विहिरीच्या वरच्या अंगाला. खड्डा हलवायला साधारण काय खर्च येतो?