जुन्या गिटारीचा ब्रिज सुटला आहे. आधी सॅडल घासावे का?

प्रश्न

वडिलांनी अनेक वर्षे वाजवलेली, १९६०च्या दशकातील पोलादी तारांची अकूस्टिक गिटार माझ्याकडे आली आहे. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरील आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर) सर्वांत जाड तार साडेचार मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे त्याच्या पुढे वाजवणे जवळजवळ अशक्य होते. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या, मागच्या कडेखाली जाड कागदाचा कोपरा सहज शिरतो आणि तिथून खाली वरच्या फळीला केसासारखी बारीक भेग गेली आहे. सॅडल (ब्रिजवरील, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासून तारा खाली आणाव्यात आणि ब्रिजखाली एपॉक्सी भरावे, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

सॅडलला एवढ्यात कानस लावू नये, ही विनंती. बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी उतरवायची तर सॅडल सुमारे २ मिमी घासावे लागते. आपल्याला जवळजवळ दुप्पट उतरायचे आहे, म्हणजे सॅडल संपेलच, शिवाय त्यावरून तारांचा खाली वळणारा कोन बोथट होऊन आवाजही दबेल. हलक्या जाडीच्या सहा पोलादी तारा मिळून साधारण ७० किलोंचा ताण देतात आणि इतक्या वर्षांत त्या ताणाने नेकचा (दांड्याचा) कोन बदलतो. आधी नेकचा बाक पाहा (मार्टिन कंपनीच्या १९८५ पूर्वीच्या गिटारींत फिरवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, नसतो, हे लक्षात असू द्या). नेक सरळ असेल तर फ्रेट्सवर लांब पोलादी पट्टी ठेवा. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकले तर कोन ठीक आहे. माथ्याच्या बरेच खाली अडले तर नेकचा सांधा उघडून कोन नव्याने बसवावा लागेल.

प्रतिसाद २

एपॉक्सीबद्दल मात्र मी ठाम आहे : नको. जुन्या गिटारीत सरस वापरलेला असेल तर तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, आणि म्हणूनच पुढचा कारागीर लाकूड न दुखावता सांधा उघडू शकतो. एपॉक्सी लाकडाच्या रंध्रांत शिरते. ती काढताना फळीचे तंतू सोबत येतात. अर्धवट सुटलेल्या फटीत काहीही भरण्यापेक्षा ब्रिज उबेने पूर्ण सोडवून, दोन्ही पृष्ठभाग लाकडापर्यंत स्वच्छ करून, ताजा सरस लावावा. सरस ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो आणि लावल्यावर काही क्षणांतच गोठू लागतो, म्हणून ब्रिज आधी कोमट करून घ्यावा आणि शिकंजे हाताशी ठेवावेत. एक दिवस त्यांना हात लावू नये.

भेग आधी भरू नका. गिटार काही दिवस ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. कोरडेपणाने पडलेली भेग पुष्कळदा आपोआप मिटते आणि मग आतून, तंतू आडवे येतील अशा स्प्रूस लाकडाच्या पातळ चकत्या चिकटवल्या की ती मिटलेलीच राहते. सुक्या भेगेत लाकडी पट्टी ठोकली, तर ओल येताच फुगलेली फळी शेजारी नवी भेग पाडते.

प्रतिसाद ३

एवढेच सांगतो की वरचे जुने पॉलिश खरवडू नका. ते लाखेचे असेल तर अल्कोहोलच्या थेंबाने मऊ पडते, त्यामुळे स्वच्छ करतानाही आधी न दिसणाऱ्या जागी तपासून पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नेक सरळ आहे, पण पट्टी ब्रिजच्या माथ्यापासून जवळपास ३ मिमी खाली अडते. तारा सैल केल्या आहेत आणि पेटीत ओलसर स्पंज ठेवला आहे. भेग मिटली आणि ब्रिज बसला की पुन्हा मोजेन. कोन तेव्हाही खालीच राहिला, तर नेकचा सांधा जाणकाराकडूनच उघडून घेईन. सॅडल तसेच ठेवले आहे.