मदत हवी आहे: लेन्को एल-७५ चा टोनआर्म दुरुस्त करू की बदलू? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

काकांनी परदेशातून आणलेलं लेन्को एल-७५ टर्नटेबल आता माझ्याकडे आलं आहे. मोटर उत्तम चालते, चार किलोच्या आसपासची थाळी आजही डौलात फिरते. आर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, मात्र काहीतरी करायलाच हवं. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे कुणाला अंदाजाने सल्ला द्यावा लागणार नाही.

आधी मी काय ऐकतो ते सांगतो, कारण माझ्या मते आर्म त्यावरूनच ठरायला हवा. बहुतेक एलपी दमदमच्या कारखान्यातल्या, एचएमव्हीच्या, शास्त्रीय गायनाच्या. ईएएलपी क्रमांकाच्या मोनो जास्त, नंतरच्या स्टिरिओ थोड्या. शिवाय आजोबांच्या वेळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, नाट्यगीतं आणि तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेले ख्याल. त्या मला कपाटात ठेवायच्या नाहीत, वाजवायच्या आहेत.

अडचण अशी की एलपीची बाजू संपत आली की आवाज फाटतो. सुरुवातीची पंधरा मिनिटं ऐकत राहावी अशी, आणि द्रुत सुरू झालं की ‘आ’कार खरखरीत होतो, ‘स’चा ‘श’ होतो, तार षड्जावर तर काच तडकल्यासारखा आवाज येतो. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी घ्या. एका बाजूला एक राग, विलंबित आधी, द्रुत शेवटी. म्हणजे सगळ्यात जलद ताना नेमक्या लेबलजवळच्या खाचांत येतात, आणि तबकडीवर सगळ्यात कमी जागा तिथेच असते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या काठावर, १४६ मिमी त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सरकते. आत ६० मिमीवर फक्त २१. सिनेमाच्या गाण्यांच्या एलपीत बाजूच्या शेवटी एखादं हळुवार गाणं ठेवता येतं. ख्यालात तशी अदलाबदल होत नाही. म्हणून माझ्यासाठी आर्मची परीक्षा शेवटच्या चार-पाच मिनिटांत आहे, बाकी सगळं दुय्यम.

आता आर्मची अवस्था. एल-७५ मध्ये आर्म वर-खाली होतो तो सुरीसारख्या धारेवर, आणि ती धार इंग्रजी व्ही आकाराच्या दोन रबरी ठोकळ्यांत टेकलेली असते. हे ठोकळे वयाबरोबर कुजतात. माझ्याकडचे आधी कडक झाले आणि आता बोट लावलं की काळा भुगा पडतो. हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुई बसते तो भाग, दोन बोटांत धरून हलकेच पिळलं तर आर्म डावी-उजवीकडे कलतो आणि हाताला बारीकशी ‘टक’ जाणवते. अशा आर्मवर सुई सरळ उभी राहणार कशी?

पहिला मार्ग ठोकळे बदलण्याचा. डेलरिनचे (एक कठीण प्लास्टिक) नवे मिळतात, खर्च फार नाही.

दुसरा मार्ग रेगा कंपनीचा आरबी ३३० हा आर्म बसवण्याचा. बेअरिंगबद्दल चांगलंच ऐकतो आहे. पण त्याचं हेडशेल आर्मशी एकसंध आहे, निघत नाही. एलपी काढून ७८ लावायची म्हटलं की काय करायचं? शिवाय थाळीच्या मध्यापासून आर्मच्या खुंट्यापर्यंत रेगाला २२२ मिमी लागतात, आणि आर्मसाठी लेन्कोच्या वरच्या पत्र्याला हात लावावा लागणार. सांवेर रोडला लेथवाले आहेत, ते भोक नीट करून देतील. पण एकदा कापलेला पत्रा परत जुळत नाही. उंची कमी-जास्त करायला रेगात स्क्रू नाही, खाली चकत्या घालाव्या लागतात.

तिसरा, एसएमई कंपनीचा जुना ३००९ आर्म. त्याच्या बऱ्याच प्रकारांत हेडशेल निघतं, खाली सरकती बैठक आहे, दिसायलाही देखणा. पण एसएमईने २०१९ च्या अखेरीस सुटे आर्म विकणं बंद केलं आणि आर्म बनवणारी जपानची जेल्को २०२० मध्ये बंदच पडली. म्हणजे दोन्ही वापरलेलेच घ्यायचे, आणि तेही न बघता. जेल रोड आणि महाराणी रोड पालथे घातले, तिथे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे कसबी लोक आहेत, पण आर्मच्या बेअरिंगला हात लावायला कोणी तयार नाही.

कार्ट्रिजबद्दल (सुई ज्यात बसवलेली असते तो हेडशेलखालचा भाग): मनात डेनॉन डीएल-१०३ आहे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात बनलेलं, मानवी आवाज भरदार देतं असं सगळे सांगतात. वजन ८.५ ग्रॅम, आणि सुईची दांडी ताठ. १०० हर्ट्झला तिची लवचिकता ५ दिली आहे, १० हर्ट्झला ती ९ च्या आसपास धरली. १५९ ला (एकूण वस्तुमान गुणिले लवचिकता) याच्या वर्गमुळाने भागलं की आर्मची स्वतःची थरथर किती हर्ट्झला येते ते कळतं. ती ८ ते १२ मध्ये हवी. आरबी ३३० चं परिणामी (सुईला जाणवणारं) वस्तुमान ११ धरून, स्क्रूंसह एकूण २०.५ ग्रॅम, उत्तर साडेअकरा-बाराच्या मध्ये. ३००९ च्या हलक्या, हेडशेल न निघणाऱ्या, ६.५ ग्रॅमच्या ‘इम्प्रूव्ह्ड’ प्रकारावर हेच तेराच्या वर जातं. म्हणजे देखणा असला तरी हा प्रकार या कार्ट्रिजचा नव्हे.

विचारायचं ते हे:

ठोकळे बदलून मूळ आर्म खरंच पूर्ववत होतो का? की तो तात्पुरता इलाज आहे?

७८ वाजवणाऱ्यांनी न निघणाऱ्या हेडशेलचं काय केलं?

आणि खाचेशी सुईचा कोन जुळवायला कोणती आखणी घेऊ? बेअरवाल्डमध्ये सुई ६६ आणि १२०.९ मिमीवर बिनचूक बसते, स्टीव्हन्सनमध्ये ६०.३ आणि ११७.४ वर. त्याची आतली खूण लेबलच्या जास्त जवळ आहे, म्हणून आपल्या गाण्यासाठी मला स्टीव्हन्सन पटतो.

प्रतिसाद १

मीही इंदूरचाच, माझ्याकडे एल-७५ बरीच वर्षं आहे. ठोकळे बदला, डोळे झाकून. मागचं वजन आणि हेडशेल काढलं की नळी वर उचलता येते, पण आतल्या तारा केसासारख्या आहेत, ताणू नका. धारेवर जुन्या रबराचा चिकटा असतो, तो स्पिरिटने पुसून घ्या. धार शाबूत असेल तर आर्म पुन्हा स्थिर होतो. त्या धारेत काही कमी नव्हतं, रबरानेच घात केला.

पत्रा मात्र कापू नका. लेन्कोचा खरा गुण स्पीडमध्ये आहे. निमुळत्या दांड्यावर चाक सरकवून हवा तो स्पीड मिळतो. जुन्या ७८ सगळ्या नेमक्या ७८ वर कोरलेल्या नसतात. पेटी जवळ घेऊन गायकाचा षड्ज काळी एक, काळी दोन जिथे बसतो तिथे आणता येतो. असं टर्नटेबल जपून ठेवायचं असतं.

प्रतिसाद २ (बडोद्याहून)

तुमचं गणित बरोबर आहे, पण कार्ट्रिजची निवड तुमच्याच मागणीच्या उलट जाते. डीएल-१०३ ची सुई गोल टोकाची आहे. लेबलजवळ खाचेतली वळणं इतकी दाटतात की गोल टोक त्यात शिरतच नाही, वरून घसरत जातं. आर्म कितीही भारी घ्या, शेवटच्या पाच मिनिटांत हा दोष राहणारच. तिथे सुईच्या टोकाचा आकार आर्मपेक्षा जास्त काम करतो. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ एमएल बघा, त्याचं टोक बारीक रेषेसारखं कोरलेलं आहे. वजन ६.१ ग्रॅम.

यातच तुमच्या ७८ चंही उत्तर आहे. व्हीएम ९५ च्या सगळ्या सुया एकाच बॉडीत बसतात. ७८ साठी एसपी नावाची ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई आहे. हेडशेल न काढता फक्त सुई ओढून दुसरी लावायची. तिला ५ ग्रॅम भार लागतो, आणि आरबी ३३० च्या भार ठरवायच्या चकतीवर आकडे ३ पर्यंतच आहेत. पुढे मागचं वजन सरकवून काट्यावर मोजावं लागतं. लेन्कोच्या आर्मवर पट्टी ५ ग्रॅमपर्यंत आहेच.

स्टीव्हन्सनबद्दल सहमत. मधल्या भागात चूक थोडी वाढते, पण तिथे खाच वेगात असते, कानाला खुपत नाही. एक तपासणी आधी करा: फारशी न वाजलेली एखादी एलपी शेवटपर्यंत ऐका. ती स्वच्छ वाजली आणि बाकीच्या फाटल्या, तर त्या जुन्या जड प्लेअरांनी झिजवलेल्या आहेत. कोणताही आर्म ते भरून काढणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी केली. मारव्याची प्रत दोन्ही बाजूंना शेवटी फाटते, पण एका नातेवाइकांकडची जवळजवळ कोरी स्टिरिओ एलपीही फाटते, थोडी कमी. म्हणजे झीज आहे आणि आर्म-सुईचा दोषही आहे, दोन्ही.

तेव्हा डेलरिनचे ठोकळे मागवतो आहे, त्यावर व्हीएम ९५ एमएल, आणि सोबत एसपीची सुई. रेगाचा विचार बाजूला ठेवला. डीएल-१०३ चा मोह सोडवत नाही, पण द्रुताच्या ताना स्वच्छ ऐकू येणं मला आवाजाच्या भरदारपणापेक्षा मोलाचं आहे.

एवढंच सांगा: स्टीव्हन्सनची आखणी कागदावर छापली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो का?

प्रतिसाद २

येतो, पण छापल्यावर पट्टीने मोजून घ्या. मध्यबिंदूपासून आतली खूण ६०.३ वर हवी. प्रिंटर पानाला बसवायला आकार कमी करतो आणि तीच खूण ५८ वर येते. ‘१०० टक्के’ निवडूनच छापा, आणि मधलं भोक कात्रीने नको, स्पिंडलच्या (थाळीच्या मधल्या खुंटीच्या) मापाच्या पंचने पाडा. भोक सैल झालं तर आखणी हलते. आर्मला धाग्याने ताण देणारं ते छोटं वजन असतं ना, त्याला बाहेर ओढणारं, ते जुळवणी होईपर्यंत काढून ठेवा, नाहीतर सुई खुणेवर टिकणार नाही.