चर्चा: पिंगुळीची चित्रकथी चौकटीत घालून भिंतीवर टांगावी का?

मांगर:
मी संग्रहालयशास्त्र शिकते आहे, गाव कुडाळजवळचं. संग्रहालयं वस्तू कशा मांडतात, त्यातून बघणाऱ्यापर्यंत काय पोचतं आणि काय निसटतं, हा माझा अभ्यासाचा विषय. मी चित्रकथी निवडली. माझं मत सरळ सांगते: चित्रकथीची चित्रं सुटी करून, चौकटीत घालून भिंतीवर टांगणं बंद व्हायला हवं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर समाजातले कलावंत रामायण-महाभारतातली आख्यानं चित्रं दाखवत गाऊन सांगतात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता आणि नवरात्रात देवळात कथा लावायचा मान होता. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कथेकरी मांडी घालून बसतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य. एकेक चित्र पुढे धरत कथा चालते.

आता मुख्य गोष्ट. यात दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू संपली की पान उलटायचं, मागे कथेतलं पुढचं चित्र तयार. तेच पान चौकटीत घातलं की अर्धी कथा भिंतीकडे तोंड करून कायमची बसते. खाली पाटी काय सांगते? ‘चित्रकथी, कागदावर रंग, महाराष्ट्र.’ कुठलं आख्यान, आधी काय घडलं, कोण कोणाशी बोलतंय, काही नाही. त्यात पैठणला मिळाली म्हणून याच शैलीच्या चित्रांना कित्येक वर्षं ‘पैठणची चित्रं’ म्हणत आले. पिंगुळीचं नाव मागेच राहिलं.

कागदवाला:
ताई, तळमळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. जुनी कागदपत्रं जतन करणं हे माझं रोजचं काम. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही, ती साचत जाते. म्हणून कागदावरच्या रंगीत चित्रांना साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश देत नाहीत. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी की बंद कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. वर कसर आणि वाळवी आहेच. अशा हवेत जुनं पान हाताळत राहिलात तर आधी कडा जातात, मग घडी पडते तिथे रंग सुटतो. काच आणि चौकट होती म्हणूनच आज आपण या चित्रांवर बोलतोय.

दुसरं म्हणजे देवळात मागे बसलेल्याला चित्र दिसायचं तरी किती? संग्रहालयात मी वीतभर अंतरावरून ती रेघ पाहू शकतो. चेहरा एका बाजूने काढलेला, डोळा मात्र मोठा, पूर्ण उघडा. एका दमात ओढलेली ती कड जवळून पाहिल्याशिवाय तो हात किती तयारीचा होता हे कळत नाही. चित्राला चित्र म्हणूनही मान आहे की नाही?

तळकोकण:
आमच्या भागातली जुनी माणसं पोथी अगदी जीर्ण झाली की ती विधी करून पाण्यात सोडायची. मूर्ती विसर्जन करतात तशी. मग नवी पोथी लिहायची. कागद कायमचा टिकलाच पाहिजे ही कल्पना संग्रहालयाची, आमच्या आज्या-पणज्यांची न्हय. गाणा नाय तर चित्र कसला?

पिंगुळीतच बघा. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. तिथे चित्रं आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, आणि घरचीच माणसं त्या हलवून, गाऊन दाखवतात. 2021 साली पद्मश्री मिळाली ती उगाच नाही.

कातळसडा:
तळकोकण, आदर ठेवून असहमत. पाहुण्यांसाठी केलेला प्रयोग म्हणजे जागर नव्हे. रात्रभर चालणारं आख्यान दहा मिनिटांत उरकायचं, हीसुद्धा तोडमोडच. फक्त चौकट दिसत नाही एवढंच.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडची कातळशिल्पं, म्हणजे जमिनीलगतच्या उघड्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की कडेला उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात. वरून काढलेला फोटो पाहिला की हत्ती दिसतो, आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणीही. ती कोरणाऱ्यांची गाणी कधीच गेली, तरी मांडणीमुळे आपण पाहायला शिकलो. मूळ संदर्भ नाही म्हणून दाखवूच नये, असं म्हटलं तर कातळशिल्पांवर माती लोटावी लागेल.

मोतीतलाव:
सावंतवाडीकडून एक भर. दशावतारी गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. काचेआड मत्स्य, कूर्म, वराह अशी दहा गोल पानं मांडतात, ती भिंतीवर सुंदर दिसतात, पण खेळायचं कसं विचारलं तर सगळे गप्प. दहा पानांत खेळ होतच नाही. तरीही चौकटीला सरसकट नावं ठेवू नका. राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कारागीर लोकांसमोर बसून पानं रंगवतात, आणि त्यांचं घर चालतं ते भिंतीवर लावायला नेणाऱ्या गिऱ्हाइकांवर.

मांगर:
मोतीतलाव, विक्रीच्या नव्या चित्रांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी जुन्या पोथ्यांबद्दल बोलते आहे.

कागदवाला सर, 50 लक्स मला मान्य आहेच. ही चित्रं समईच्या उजेडात पाहायचीच होती, त्यामुळे मंद प्रकाशाने त्यांचं काही बिघडत नाही. माझं म्हणणं असं: जुनं पान दोन काचांमध्ये मधोमध उभं करा, लोकांना दोन्ही बाजूंनी फिरू द्या. पानं क्रमाने लावा. शेजारी त्याच आख्यानाचं गाणं ऐकू येऊ दे. पाटी कथेकऱ्यांसोबत बसून लिहा आणि त्या कामाचे पैसे त्यांना द्या. हाताळायला त्यांच्याकडूनच नवी पोथी करून घ्या.

कातळसडा, दहा मिनिटांचा तुकडा मलाही नको. एकच प्रसंग घ्या, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

कागदवाला:
दोन काचांची कल्पना बरी आहे, पान काचेला टेकणार नाही एवढी जागा सोडलीत तर. पण पावसाळ्याचं काय? वादळात दोन-दोन दिवस वीज नसते. ओल शोषणारं यंत्र कशावर चालवणार?

मांगर:
पावसाळ्यात जुनी पोथी पेटीत ठेवा. नवरात्रात काढा, तीच तिची वेळ होती. संग्रहालयाने पोथीचं पंचांग पाळावं.

तळकोकण:
ह्यां पटला. फक्त एक अडचण: चाकरमानी येतात गणपतीत आणि मे महिन्यात. गणपतीत पोथी पेटीत असली तर मुंबईच्या पोरांनी बघायचं काय? नवी पोथी तेव्हा तरी हातात द्या, काचेत नको.

कागदवाला:
नवी बिनधास्त द्या. जुनी मात्र मे महिन्यातही पंधरा दिवसांच्या वर बाहेर नको, हे मी लिहून देतो.